पुष्परचनाकारांचा रानमुक्काम

फुलांवाचून आपल्याकडे एकही कार्य पार पडत नाही. बारशाचा पाळणा, लग्नाचा मंडप, गणरायाचे मखर, दसऱ्याचे तोरण आणि अखेरची यात्रा, या सर्वांना फूल लागतेच. शेतकरी हे फूल पिकवितो आणि पुष्परचनाकार त्याला रूप देतो. पहिल्याच्या कष्टांची जाणीव समाजाला थोडीबहुत असते. दुसऱ्याच्या कष्टांचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पहाटे जाऊन पाहावे. माल उतरतो तोच मुळी रात्रीच्या अंधारात. रचनाकार त्याच वेळी खरेदी करतो, उजाडण्यापूर्वी मंडपात पोहोचतो आणि मुहूर्त गाठण्यासाठी तासन् तास शिडीवर उभा राहून काम करतो. गजरे व वेण्या गुंफणाऱ्या भगिनी मान खाली घालून सुईदोरा चालवीत असतात. बोटांना गुलाबाचे काटे लागलेले असतात, हात पाण्याने भिजून पांढरे पडलेले असतात. इतके करून उभारलेली सजावट कार्य आटोपताच उतरविली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धावपळ सुरू होते. अशा माणसाला फुलांचा सहवास नित्याचा असला तरी फुलझाडाचा सहवास लाभत नाही. त्याने पाहिलेले प्रत्येक फूल हे देठापासून तोडलेले, जुडीत बांधलेले आणि भाव ठरलेले असते.

याचा परिणाम दुहेरी होतो. एक तर शरीर व मन शिणते. दुसरे असे की कल्पनाशक्ती आटत जाते. तोच जरबेरा, तोच गुलाब, तीच हिरवी पाने आणि तीच मांडणी वर्षानुवर्षे होऊ लागते. ज्याचा शेताशी संबंध उरलेला नाही, त्याला खऱ्या फुलाच्या जागी कृत्रिम फूल लावताना काही गमावल्यासारखे वाटत नाही. हा केवळ रचनाकाराच्या विसाव्याचा प्रश्न नव्हे. फूलउत्पादक शेतकऱ्याची बाजारपेठ ज्या हातांवर अवलंबून आहे, ते हात ताजे राहतात की नाही, असा हा प्रश्न आहे.

पंधरवडा दोघांच्या सवडीचा

विसावा घ्यावयाचा तर तो केव्हा घ्यावा? श्रावणापासून सणांची रांग लागते. गणेशोत्सवात श्वास घ्यावयासही फुरसत नसते. नवरात्र, दसरा, दिवाळी आणि त्यामागून लग्नसराई येते. परंतु या रांगेत एक मोकळी जागा परंपरेनेच राखून ठेवलेली आहे. अनंत चतुर्दशी झाली की पितृपंधरवडा लागतो आणि तो घटस्थापनेच्या आदल्या दिवसापर्यंत चालतो. या काळात लग्न, मुंज, वास्तुशांत असली कार्ये होत नाहीत. रचनाकाराच्या हातांना काम नसते.

नेमक्या याच दिवसांत शेतकऱ्याचीही अडचण असते. फुलांची मागणी घटते आणि भाव उतरतात. पुष्कळदा तोडणीची मजुरी व वाहतूकखर्चही निघत नाही. निघालेली फुले बांधावर टाकून देण्याची पाळी येते. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू तेवढा कळी धरून उभा असतो.

आणि याच दिवसांत सह्याद्रीची पठारे फुलांनी भरून जातात. भाद्रपदाचा उत्तरार्ध हा साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या बहराचा काळ होय. एकाला काम नाही, दुसऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक नाही आणि निसर्ग मात्र ऐन भरात आहे. या तीन गोष्टींचा मेळ घातला तर पुष्परचनाकारांसाठी तीन दिवसांचा रानमुक्काम शेतकऱ्याच्याच वस्तीवर सहज योजता येईल.

निसर्गात मन का निवते

झाडाझुडपांच्या सान्निध्यात थकवा उतरतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. त्याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच या संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. अशा रुग्णांच्या २३ जोड्यांची तुलना केली असता, झाडे पाहणाऱ्यांचा रुग्णालयातील मुक्काम कमी भरला आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, असे दिसून आले. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. पाहणी लहान असली तरी त्यानंतर या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले.

रेचल व स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ साली याची एक उपपत्ती मांडली. माणसाला काम करताना लक्ष जाणीवपूर्वक एका ठिकाणी बांधून ठेवावे लागते आणि या बांधणीनेच मन थकते. वाऱ्यावर हलणारे गवत, ढगांची सावली, वाहते पाणी यांकडे लक्ष आपोआप जाते. त्यासाठी प्रयत्न करावा लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेल्या शक्तीला विसावा मिळतो. मुहूर्ताच्या घड्याळाकडे डोळे लावून काम करणाऱ्या रचनाकाराला या विसाव्याची गरज किती असेल, हे सांगावयास नको.

कलेचे मूळ रानातच

पुष्परचनेचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. जपानमधील इकेबाना ही कला क्योतो शहरातील रोक्काकुदो मंदिराच्या परिसरात वाढली. तेथील सेनकेई या पुजाऱ्याच्या पुष्परचना पाहावयास लोक जमत असल्याची नोंद १४६२ सालची आहे. पुढील शतकात त्याच परंपरेतील सेन्नो याने केवळ टवटवीत फुलांवर भर न देता वाकडी फांदी, वाळकी काटकी यांनाही रचनेत मानाचे स्थान दिले. डोंगरात आणि पाण्याकाठी वनस्पती जशी वाढते, तिचा तो भाव पात्रात उतरावा, ही त्यामागील दृष्टी होय.

इंग्लंडमधील कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंचे उदाहरणही बोधप्रद आहे. प्रथम त्या शिक्षिका होत्या. १९२९ साली त्यांनी लंडनमध्ये फुलांचे दुकान उघडले. महागड्या फुलांच्या बरोबरीने त्यांनी कुंपणावरचे वेल, रानगवत, बियांची सुकी बोंडे, इतकेच नव्हे तर भाजीच्या मळ्यातील केलची पानेही सजावटीत वापरली. लोकांनी आधी आश्चर्य केले आणि नंतर अनुकरण केले. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी पुष्पसजावटीत त्यांचा प्रमुख वाटा होता. बांधावरचा माल राजदरबारी जाऊ शकतो, एवढे यावरून शेतकऱ्याने ध्यानी घ्यावे.

पहिला दिवस : मळ्यात

मुक्कामासाठी दहाबारा माणसांची तुकडी पुरेशी आहे. याहून मोठी झाली की तिची सहल होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोणतेही काम ठेवू नये. रात्रपाळीने थकलेल्या माणसाला प्रथम झोप हवी असते. भाकरी, पिठले, रानभाजी असे साधे जेवण, पडवीतील अंथरूण आणि शांतता एवढे दिले तरी पुष्कळ झाले.

उन्हे कलल्यावर शेतकऱ्याने पाहुण्यांना मळ्यात न्यावे. बाजारात जुडी हाती धरणाऱ्याला तिच्यामागची शेती येथे दिसते. निशिगंधाच्या दांड्यावरील खालची एकदोन फुले उमलली की तो का कापावा, ग्लॅडिओलसच्या तळच्या कळीला रंग दिसताच तो का काढावा, उलट झेंडू मात्र पूर्ण उमलल्यावरच का तोडावा, हे झाडापाशी उभे राहून सांगितले म्हणजे कायमचे लक्षात राहते. ग्लॅडिओलसचे दांडे आडवे ठेवले तर त्यांचे शेंडे वर वळून वाकडे होतात. म्हणून ते उभेच ठेवावे लागतात. जरबेऱ्याचा दांडा कापण्याऐवजी बुडापासून हलकेच पिरगळून काढतात. दुपारच्या उन्हात तोडलेल्या फुलातील पाणी आधीच कमी झालेले असते, त्यामुळे सकाळी तोडलेला माल अधिक टिकतो. कापलेल्या देठाच्या नळ्यांत हवा शिरली तर पाणी वर चढत नाही. म्हणून देठाचे टोक पाण्यात बुडवून पुन्हा तिरपे कापावे. कार्नेशनसारखी फुले पिकत्या फळांजवळ ठेवू नयेत, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर मिटतात.

ही देवाणघेवाण एकतर्फी असू नये. कोणत्या लांबीचा दांडा मंडपात चालतो, कोणता रंग दिव्यांच्या उजेडात मळकट दिसतो, पेटीत माल कसा भरला असता कमी चुरतो, हे शेतकऱ्याने पाहुण्यांकडून जाणून घ्यावे. दलालामार्फत हे ज्ञान त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

दुसरा दिवस : पठारावर

दुसरा दिवस कास पठारासाठी ठेवावा. सातारा शहरापासून हे पठार सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांपैकी हे एक होय. येथे सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जातींची नोंद झालेली आहे.

इतकी समृद्धी पाहून येथील जमीन सुपीक असेल असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. काळ्या पाषाणावर जांभ्याचा थर आणि त्यावर मातीचा पातळसा पापुद्रा, एवढीच येथील भूमी. पावसाळ्यात तीवर पाणी साचते आणि हिवाळा लागताच ती कोरडी ठणठणीत होते. मोठे झाड येथे तग धरीत नाही. म्हणूनच लहान वनस्पतींना ऊन मिळते आणि त्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. मातीत अन्न कमी, म्हणून काहींनी निराळीच युक्ती योजली आहे. निळ्याजांभळ्या फुलांची सीतेची आसवे ही नाजूक वनस्पती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडते, तर दवबिंदू ही वनस्पती पानांवरील चिकट केसांनी किडे धरते.

रचनाकाराने येथे हात मागे बांधून पाहावे. पाणी साचते तेथे गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेची आसवे दिसतील, उताराच्या मातीवर सोनकीचा पिवळा रंग दिसेल आणि ओल्या जांभ्यावर तेरड्याचा गुलाबी गालिचा पसरलेला असेल. कोणता रंग कोठे पडावयाचा, हे येथे पाणी व माती ठरवितात. म्हणून एकही रंग उपरा वाटत नाही. दोन रंगांच्या मध्ये उघडा खडक असतो, ओले गवत असते. ही मोकळी जागा डोळ्याला थांबावयास अवसर देते. मंडपाचा प्रत्येक वीतभर कोपरा फुलांनी भरून टाकण्याची सवय लागलेल्याला हा धडा फार मोलाचा आहे. एकाच रोपावर कळी, फूल आणि बोंड एकत्र नांदताना दिसतात. बाजारात यांपैकी फक्त मधली अवस्था विकत मिळते. टोपली कारवी तर काही वर्षे केवळ पाने धरून राहते आणि साधारणतः सात वर्षांनी एकदाच सर्वत्र फुलून येते. दर आठवड्याला नवे काही दाखविण्याच्या ओझ्याखाली वाकलेल्या कलावंताने या झुडपापुढे क्षणभर थांबावे.

तथापि येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळली पाहिजे. पठार हे राखीव वन आहे. येथील एकही फूल, पान वा शेवाळ तोडता कामा नये. या वनस्पतींपैकी कित्येकांचे बी पुढील वर्षाचा एकमेव आधार असते. फूल तुडविले गेले तर बी धरत नाही आणि बी नाही तर पुढील बहर नाही. आखून दिलेली वाट सोडू नये, खडकावर बैठक मांडू नये. भोवतालच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर पठाराची व्यवस्था पाहतात. प्रवेशाची संख्या मर्यादित असल्यामुळे नोंदणी आधी करावी आणि सुट्टीचा दिवस टाळून मधल्या वारी जावे. चित्रे काढण्यासाठी वही व रंगाच्या पेन्सिली सोबत असाव्यात. फूल घरी नेता येत नाही, त्याची मांडणी मात्र वहीतून नेता येते.

तिसरा दिवस : बांधावरचे साहित्य

पठारावर पाहिले ते तिसऱ्या दिवशी शेतातील साहित्यातून करून पाहावे. भाद्रपदाच्या अखेरीस शेतकऱ्याच्या बांधावर काय नसते? कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे तण म्हणून उपटून टाकले जातात. वस्तुतः ते फुलदाणीत सुंदर दिसतात. बाजरीची कणसे, राळ्याच्या लोंब्या, तिळाची बोंडे, अंबाडी, गवताचे तुरे, बांबूच्या काटक्या, वाकडे म्हणून बाजारात नाकारलेले निशिगंधाचे दांडे, हे सर्व रचनाकारापुढे मांडावे. करडईची फुले आपण बहुधा पाकळ्यांसाठी किंवा तेलबियांचे पीक म्हणून ओळखतो. युरोपात मात्र तिचे काटेरी दांडे ताजे व सुकविलेले असे दोन्ही प्रकारे सजावटीसाठी विकले जातात.

रचना करताना हिरव्या फोमची वीट वापरू नये. १९५४ पासून वापरात आलेली ही वीट फिनॉल-फॉर्मल्डिहाइडच्या प्लॅस्टिकची असते. ती कुजत नाही, चुरगळून तिचे कण पाण्यात व मातीत मिसळतात. इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तिला रजा दिली. आपल्याकडे तर तिची गरजही नाही. केळीच्या खुंटाचा तुकडा पाणी धरून ठेवतो आणि त्यात देठ घट्ट बसतो. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळून भांड्यात ठेवता येते. ओली वाळू चालते. जपानी लोक खिळ्यांची जड बैठक वापरतात, तिला केन्झान म्हणतात. ती वर्षानुवर्षे टिकते. मुक्काम संपताना सर्व रचना सोडवून खताच्या खड्ड्यात टाकाव्यात. आपण केलेले काम मातीत परत जाताना पाहणे, यातही एक समाधान आहे. मंडपातील सजावट कचऱ्याच्या गाडीत जाताना ते मिळत नाही.

शेतकऱ्याने घ्यावयाची काळजी

पाहुणे फुलांना उघड्या हातांनी स्पर्श करणार, म्हणून फवारणीचा विचार सर्वांत आधी करावा. २०१६ व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील पाहण्यांत विक्रीच्या फुलांवर, तसेच फुले हाताळणाऱ्यांच्या हातमोज्यांवर अनेक कीडनाशकांचे अंश आढळले. हा धोका रचनाकाराला रोजच असतो. विसाव्यासाठी आलेल्या ठिकाणी तो असता कामा नये. ज्या वाफ्यांत पाहुण्यांना न्यावयाचे, तेथील फवारणी पुरेसे दिवस आधी थांबवावी, वेष्टनावरील सूचना पाळाव्यात आणि फवारणीची नोंदवही त्यांना मोकळेपणाने दाखवावी. चिखलात घसरण्याचा व विंचूसापाचा संभव असल्यामुळे उंच बूट, विजेरी व प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. जवळच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ शौचालय यांवाचून पाहुण्यांना बोलावू नये.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आहे. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. ज्याला हा उपक्रम दरवर्षी चालवावयाचा आहे, त्याने ती करून घ्यावी. पहिल्या वर्षी मात्र शेजारच्या दोनतीन शेतकऱ्यांनी मिळून एकच लहान तुकडी बोलावणे शहाणपणाचे ठरेल. एकाकडे राहण्याची सोय असेल, दुसऱ्याकडे शेवंती व निशिगंध असेल, तिसऱ्याकडे बांबूचे बेट असेल. मुक्कामाच्या दराविषयी आधीच स्पष्ट बोलणे झालेले असावे.

मुक्कामातून मिळणारे भाडे हा या योजनेचा लहानसा लाभ आहे. खरा लाभ निरोपाच्या वेळी पदरात पडतो. घटस्थापना तोंडावर आलेली असते. ज्याने कळीतला झेंडू डोळ्यांनी पाहिला, मालकाच्या घरी भाकरी खाल्ली, तो दसऱ्याचा माल कोठून घ्यावयाचा याचा विचार निराळ्या रीतीने करील. कुर्डूची व बाजरीच्या कणसांची मागणी त्याने नोंदविली तर शेतकऱ्याला पुढील हंगामात बांधाची एक ओळ त्यासाठी राखता येईल. ही मागणी लेखी घ्यावी आणि प्रारंभी थोडक्यावरच समाधान मानावे.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण कशाच्याही क्षणिकपणाला उद्देशून म्हणतो. पठारावर उभे राहिले म्हणजे या म्हणीचा दुसरा अर्थ उमगतो. तेरड्याचा रंग थोडे दिवस टिकतो हे खरे, परंतु तेवढ्या दिवसांत तो बी धरतो आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा उभा राहतो. रचनाकाराचा हा मुक्कामही तीनच दिवसांचा आहे. त्या तीन दिवसांत शेत आणि मंडप यांच्यामध्ये ओळखीचे बी पडले तर तो व्यर्थ जाणार नाही. येत्या पितृपंधरवड्यात फूलउत्पादक बंधूंनी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी चारदोघांना तरी आपल्या मळ्यावर येण्याचे आमंत्रण द्यावे.